साड्यांच्या आडचा पांढरा मका

भाजलेल्या कणसाचा वास मला सोसत नाही. सरळ सांगतो. श्रावणात लोणावळ्यात कुठल्याही रस्त्यानं जा, कोळशाची शेगडी, वर जाळी, जाळीवर कणसं, आणि मुंबई-पुण्याची माणसं लिंबू-तिखट चोळून उभ्या उभ्या खातात. खाऊ देत, त्यांचा काय दोष. मी नाकाला उपरणं लावून पुढं निघतो. सुनेला वाटतं मला धुराचा त्रास होतो. डॉक्टरलाही तिनं तेच सांगितलंय. मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

मागं डोळे दाखवायला गेलो होतो तर एका गाडीवाल्यानं हाक मारली, "आबा, घ्या की. अमेरिकन हाय, लय ग्वाड."

मी विचारलं, "पांढरं न्हाई का?"

तो हसला. "पांढरं म्हंजी कच्चं असतंय, आबा. पिवळं ते पिकलेलं."

एवढा जाणता माणूस, दिवसाला शंभर कणसं भाजणारा, आणि पांढरा मका असतो हे त्याला ठाऊक नाही. त्याच्याशी काय वाद घालणार. घरी आलो. एसटीत बसल्या बसल्या मला तो पावसाळा आठवला, चार सालांमागचा. म्हणजे आठवला असं म्हणायचं. तो गेलाच कुठं होता.

तुळसा माझी बायको. माहेर भाज्याचं, लेण्यांच्या पायथ्याचं. लग्न होऊन आमच्याकडं उर्शाच्या बाजूला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत दोन लुगडी होती आणि एका फडक्यात बांधलेला पांढरा मका होता. आमच्या आईनं फडकं सोडून बघितलं आणि म्हणाली, "एवढंच दिलं व्हय तुझ्या बापानं?" तुळसा म्हणाली, "एवढं संपवून दाखवा." नव्या नवरीचं हे बोलणं. आई वर्षभर गावाला सांगत होती, आधी रागानं, मग कौतुकानं.

तो मका काही देखणा नव्हता. कणीस वीतभर. दाणे बुटके, म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखे, थोडे वाकडे. गोडी बेताची. पण भाकरी अशी व्हायची की तव्यावरून उतरली की पांढरी फक्क, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. परसात चार सऱ्यांत ती पेरायची. बियाण्याची रीत तिची ठरलेली. कडेच्या ताटांचं कणीस घ्यायचं नाही, मधल्या ताटांचं घ्यायचं. ताटावरच वाळू द्यायचं, हिरवं असताना सोलायचं नाही. वाळल्यावर पाला मागं ओढून दोन-दोन कणसांच्या वेण्या घालायच्या आणि चुलीवर आढ्याला टांगायच्या, धुरात. पेरायच्या वेळेला कणसाचे टोकाचे दाणे कोंबड्यांना, बुडाचे दळायला, मधलेच तेवढे बियाला. मी विचारलं होतं एकदा, सगळे दाणे एकाच कणसाचे तर मधल्यांना काय सोनं लागलंय? म्हणाली, "घरात बी मधल्या सुनंलाच समदं करावं लागतंय." ती मधली सून होती.

आमचं रान भाताचं. डोंगराच्या उतारानं पायऱ्या असाव्यात तशी नऊ खाचरं, एकाखाली एक. बांध आज्यानं घातले, बापानं लिंपले, मी लिंपले. दर सालाला चिखल काढून बांधावर थापायचा, हातानं, पोरीच्या पाठीला तेल लावावं तसा. बांधात खेकड्यांची बिळं. बांधावर कुर्डूची रानभाजी, पहिल्या उघडिपीला तुळसा ओटीभर खुडून आणायची. भाताला पाणी धरावं लागतं. मक्याला पाणी सोडून द्यावं लागतं. आमच्या गावाचं काय झालं ते एवढ्यात आलं, पण मला ते कळायला लय वेळ लागला.

चाऱ्याच्या कंपनीचा माणूस आला तो त्या पावसाळ्याच्या काही सालं आधी. पांढरा शर्ट, हातात मोबाईल, बोलायला गोड. म्हणाला, मोठमोठ्या गोठ्यांना मुरघास लागतो. मका हिरवाच कापायचा, ताटासकट कणसासकट, मशीननं बारीक करायचा, दाबून मुरवायचा, आणि गाईंना घालायचा. बी आम्ही देऊ, खत-औषध आमच्या दुकानातून, कापणी आमच्या मशीननं, ट्रक तुमच्या रानाच्या तोंडाशी. तुम्ही फक्त रान द्या. पण मशीन फिरायला सलग रान पाहिजे. हे मधले बांधबिंध काढावे लागतील.

जेसीबी आला. नऊ खाचरांची तीन झाली. अर्ध्या दिवसात. मी बांधाच्या कडेला उभा राहून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. वाटलं, आता कंबर मोडून लिंपायला नको. तुळसा घराच्या पायरीवर उभी होती. तिनं विचारलं, "त्यातले खेकडे कुटं जातील?" मी म्हणालो, "पंढरपूरला." ड्रायव्हर हसला.

पैसा मिळाला. खोटं रडणार नाही. भाताच्या लावणीला माणूस मिळेना, टोलनाक्यापलीकडच्या कंपन्यांत सगळे कामाला. मक्याला माणूसच नको. पोराच्या घरावर स्लॅब पडला तो मक्यावर. पण धंदा कसा आहे बघा. बी त्यांचं, खत त्यांचं, औषध त्यांचं, काटा त्यांचा, भाव त्यांचा. आमचं काय, तर माती आणि पाऊस. आणि त्याच दोन गोष्टी घटायला लागल्या. बांध गेल्यावर पाणी थांबेना. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय विचारून पडणारा नाही. लाल लोंढा उतारानं सुटायचा तो थेट पवनेला. तीन पिढ्यांनी पायानं तुडवलेला गाळ नदीत चाललेला मी छत्री घेऊन बघितलाय. माती पातळ झाली म्हणून खत वाढलं. तणनाशक मारलं म्हणून कुर्डू गेला, टाकळा गेला, मागं काय राहिलं तर मका आणि उघडी जमीन. लष्करी अळी आली, ताटाच्या पोंग्यात बसून आतून खाणारी, तिला औषध. मग बेडूक गप्प झाले. पावसाळ्यात बेडूक गप्प म्हणजे घरात मयत झाल्यासारखं वाटतं. आणि सगळ्या शिवारानं मकाच केल्यावर भाव कसा टिकणार? कंपनीचा माणूस म्हणाला, "आबा, मार्केट आहे." म्हणजे काय ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

भात गेला तसा पेंढाही गेला. म्हशीला घालायला काही नाही. मुरघासाची पिशवी विकत आणली. तुळसानं पिशवी फोडली, मूठभर हातात घेतला, वास घेतला. म्हणाली, "आपलाच हाय. वळखला मी." आणि म्हशीपुढं टाकला.

आता त्या पावसाळ्याचं सांगतो. मी लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच, बाकीचं हात मोकळा करायला लिहिलं.

मक्याचा तुरा वर असतो आणि कणसाचे केस खाली. तुऱ्यातून पिवळी भुकटी झडते, ती केसांवर पडते, एकेका केसानं एकेक दाणा भरतो. वारा असला की ही भुकटी बांध ओळखत नाही, मालक ओळखत नाही; पिवळ्या मक्याची पांढऱ्यावर पडली की त्या केसाचा दाणा पिवळा. आमच्यातल्या बायकांना हे सगळं ठाऊक, पुरुषांना अर्धं. त्या साली पहिल्यांदाच आमच्या मक्याचं रान घराच्या पश्चिमेला अगदी परसाला येऊन भिडलं होतं. मधे पायवाट तेवढी. आणि पावसाळ्यात आमच्याकडं वारा पश्चिमेचा.

वैशाखातच ती म्हणाली, "अवो, ऐकता का. तुमच्या मक्याची पेरणी कदी हाय तेवढं मला आदी सांगा. मी माजा त्याच्या वीस दीस आदी टोकते. दोघांचा तुरा एकदम याया नको."

"का गं? तुझा मका सोवळ्यात बसलाय का?"

"पोर आपल्या घरातलं आन तोंड शेजाऱ्यासारखं, चालंल का तुमास्नी?"

"व्हय व्हय, सांगतो," म्हणालो.

चाळीस सालांच्या संसारात तिनं माझ्याकडं मागितलेलं काय काय आठवतं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं. एक शिलाईचं मशीन, ते झालं नाही. एकदा आळंदी, ती झाली. आणि ही एक तारीख.

पेरणीच्या मशीनची पाळी लागते. कंपनीच्या माणसानं मला दिवस आधीच कळवला होता, चांगला महिनाभर आधी. मी तिला सांगितला नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. विसरलो नव्हतो. वाटलं, सांगितलं की ही रोज आठवण करणार, परसाला पाणी घाला म्हणणार, ऐन घाईत चार सऱ्यांचं लचांड. बाईमाणसाचा हट्ट, जिरेल आपोआप. एवढाच विचार. त्याच्यात कंपनी नव्हती, मार्केट नव्हतं. मी होतो.

तिनं मिरगाचा पाऊस झाल्यावर आपला मका टोकला. दोन दिवसांनी भाऊ आजारी म्हणून भाज्याला गेली, चार दिवस. त्या चार दिवसांत मशीन आलं आणि गेलं. ती मळवलीहून चालत, वाहनं बदलत संध्याकाळी घरी आली, पायवाटेवर थांबली, रानातल्या टायरच्या रेघा बघितल्या. मी ओट्यावर होतो. आता ही काय बोलते म्हणून बसलो. ती आत गेली, पाय धुतले, आणि आतूनच म्हणाली, "च्या ठेवू का?"

दोन महिन्यांनी तुरा यायच्या सुमाराला एक दिवस सकाळी उठून बघतो तर परसाच्या पश्चिम कडेला बांबू रोवलेत आणि बांबूंना साड्या बांधल्यात. सहा साड्या, दोन-दोन एकीवर एक, दीड माणूस उंच. तळेगावच्या बाजारातली निळी, भाचीच्या लग्नातली हिरवी, एक लग्नातलं जुनं लुगडं, कडा विरलेलं. वारा अडवायला. पावसात भिजून त्या जड व्हायच्या, वाऱ्यानं फुगायच्या, आणि कुणी थोबाडीत मारावी असा आवाज यायचा. गाठी सुटायच्या. ती पुन्हा बांधायची. स्टुलावर चढून, डोक्याला पोतं घेऊन.

माझा पुतण्या संतोष मोटरसायकलवरून जाताना थांबला. "काकू, भर पावसात धुणं वाळत घातलंय व्हय?"

"व्हय रं. तुजी चड्डी बी आण, घालते शेवटाला."

सगळे हसले. मीही हसलो. कुणी तिच्याबरोबर गाठ बांधायला गेलं नाही. मीही नाही. पंधरा दिवस त्या साड्या तिथं फडफडत होत्या आणि मी ओट्यावर बसून बघत होतो.

गौरीच्या दिवशी नव्याचं पहिलं कणीस गौरीपुढं ठेवायचा आमच्या घरात रिवाज. तिनं कडेच्या ताटाचं एक कणीस आणलं, अर्धं सोललं. पांढऱ्या ओळी. ओळींत पिवळे दाणे. इथं एक, तिथं दोन, मधेच तीन शेजारी शेजारी. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमच्यावर गेलंय."

मी हसलो. मला खरंच हसू आलं. तीही थोडी हसली. मग पिवळे दाणे भिंतीकडं करून तिनं ते कणीस गौरीपुढं ठेवलं, देवीला दिसू नयेत म्हणून.

त्या हसण्याचं काय करू मला कळत नाही. माणूस मेला की त्याचं रडणं आठवतं म्हणतात. मला माझं हसणं आठवतं.

पुढं थंडीत ती उन्हात सूप घेऊन बसायची. एकेक कणीस सोडवून पांढरे दाणे इकडं, पिवळे तिकडं. पिवळे कोंबड्यांना. पांढरे चुलीच्या राखेत घोळून एका डब्यात. माझी नजर लागू नये तसा डबा तिनं फळीवर मागं ढकलून ठेवला. पौषात ती गेली. दुपारी जेवण झाल्यावर, बसल्या जागी. हृदय, असं डॉक्टर म्हणाला. साड्या बांधताना भिजली म्हणून गेली असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर एका अर्थी सोपं होतं.

त्यानंतर मी एक साल मका केला आणि मग रान संतोषला वाट्यानं दिलं. परस तेवढं ठेवलं, पडीक. तो डबा उघडला नाही. पण मका आजूबाजूला असतोच. भर दुपारी वारा सुटला की पश्चिमेकडून पानांची सळसळ येते, आणि मला ती पानांची वाटत नाही. स्टुलाचा पाय दगडावर वाजल्यासारखं होतं. उठून परसात जातो. पडीक सऱ्या, बांबूची भोकं अजून दिसतात, त्यात पाणी साचलेलं. उभा राहतो. परत येतो. सून विचारते, काय बघून आला? मी म्हणतो, जनावर शिरलं असं वाटलं.

गेल्या दिवाळीला भाज्याला गेलो. मेव्हण्याला म्हणालो, तुमच्याकडचा पांढरा मका दे मूठभर. त्यानं शेताचं पार्किंग केलंय, शनिवार-रविवार गाड्या लागतात. तो म्हणाला, "दाजी, तो मका आता कुटला? आई गेली तवाच संपला. ताईनं नेला तेवढाच." म्हणजे डब्यात होता तेवढाच. सगळ्या जगात, माझ्या हिशेबानं. गावाकडं येताना बोटांवर सालं मोजली. तीन सालांचं जुनं बी. आणखी एक साल फळीवर राहिलं तर उगवायचं नाही.

म्हणून यंदा वैशाखात संतोषकडं गेलो. तो गाडी धूत होता. म्हणालो, "संतोष, काकूचा मका टोकणार हाय परसात. तू वीस दीस थांबशील का पेरायला?"

"आबा, मशीन कुणासाठी थांबतंय व्हय? परसातल्या चार सऱ्यांपायी एवढं रान पाडून ठेवू?"

मला राग आला नाही. कुठल्या तोंडानं येणार. अगदी माझ्याच आवाजात तो बोलला. मी मागं फिरलो. फाटकापाशी पोचलो तर त्यानं मागून हाक मारली, "ओ आबा! माजी पाळी मिरीग सरता सरता हाय. तुमी त्याच्या आदी रोहिणीत उरका की. कळशीनं पाणी घाला तवर."

झालं. एवढंच. हातातला ओला फडका पिळता पिळता त्यानं तारीख सांगून टाकली. त्याला काही कष्ट पडले नाहीत, त्याचं काही गेलं नाही. मी फाटकाला धरून उभा राहिलो. तुळसानं थांबा म्हटलंच नव्हतं. सांगा म्हटलं होतं. इतकी वर्षं मी मनात मशीनला, कंपनीला, वाऱ्याला पुढं करत होतो. ते सगळे आहेतच, त्यांनी रान खाल्लं ते खाल्लंच. पण तिच्या चार सऱ्या वाचायला यातलं कुणीच आडवं आलं नव्हतं. दोन शब्द लागत होते आणि ते माझ्या तोंडात होते.

रोहिणीत टोकला. वाळलेल्या मातीत, गुडघे टेकून, तिच्यासारखे एका भोकात दोन-दोन दाणे. विहिरीवरून कळशीनं पाणी. सून म्हणाली, "मामंजी, पाईप लावून देते." लाव म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण मी नाही म्हणालो. आठव्या दिवशी कोंब दिसले, निम्म्याहून कमी. मोर येतात म्हणून सकाळ-संध्याकाळ तिथंच बसायला लागलो. बावन्न ताटं उभी राहिली. आषाढात त्यांना तुरा आला तेव्हा संतोषचा मका गुडघ्याएवढा होता. पश्चिमेचा वारा आला, गेला. त्यात काही नव्हतं, नुसतं पाणी.

काल सकाळी उघडीप होती. परसात गेलो. कणसं भरली होती, केस काळे पडले होते. अजून हिरवी. दोन आठवडे तरी ताटावर राहायला हवीत, त्यानंतर बघायचं. मला ठाऊक आहे. मी एक मोडलं, फक्त बघायला. पाला ओढला. पांढरं. फिरवून बघितलं. सगळीकडं पांढरं.

मग वाटलं, एकट्याचं काय खरं. दुसरं मोडलं. पांढरं. तिसरं कडेच्या ताटाचं, त्यात असणार म्हणून नखानं दाणा दाणा चाचपला. नव्हतं. मग मला थांबता येईना. एकामागून एक. हात दुधानं चिकट झाले, पाल्याचा ढीग झाला, नजर धूसर झाली, तरी सोलतच होतो. प्रत्येक कणसात एक तरी पिवळा सापडेल आणि मग हे संपेल असं काहीतरी डोक्यात होतं.

सून कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं माझं मनगट धरलं. जोरानं धरलं. "मामंजी, आत्याबाई असत्या तर मारलं असतं तुमास्नी. बियाचा मका हाय ना ह्यो?"

सोळा सोलली होती. मधल्या ताटांचीसुद्धा. हिरवी सोललेली कणसं, बियाला मुकलेली. तिनं उभ्या ताटांवरची मोजली आणि म्हणाली, छत्तीस हायेत अजून, आता हिकडं यायचं न्हाई तुमी. आणि मला हाताला धरून घरात नेलं.